रुळांच्या जागी आधी बाग आली

६ जुलै २००५. सिंगापूरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं मतदान संपलं आणि २०१२ च्या ऑलिंपिकचा मान लंडनला मिळाला. शेवटच्या फेरीत लंडनला ५४ मतं, पॅरिसला ५०. पॅरिसच्या महापालिकेसमोर निकाल ऐकायला गर्दी जमली होती आणि एका क्षणात सगळ्यांचे चेहरे पडले. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा रांगत होते, काही तर जन्माला यायचे होते.

पॅरिस हरलं तेव्हा त्यांच्या फायलीत एक नकाशा होता. शहराच्या वायव्येला, साँ-लाझार या मोठ्या स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या रुळांच्या कडेला, रेल्वेचं एक जुनं मालयार्ड होतं. त्या जागेवर खेळाडूंचं ऑलिंपिक गाव बांधायचं ठरलं होतं. आता खेळाडूच येणार नव्हते. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. फाइल कपाटात जाते, जागेला पत्र्याचं कुंपण लागतं आणि पाच वर्षांनी कुणीतरी तिथे पे अँड पार्क सुरू करतं.

तिथे तसं झालं नाही. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, त्या यार्डाचा ४.३ हेक्टरचा तुकडा लोकांसाठी खुला झाला. इमारत म्हणून नाही, तर बाग म्हणून. घरं त्यानंतर आली.

क्लिशी-बातिन्योल या वस्तीबद्दल मी वाचायला लागले त्याचं कारण पर्यावरणाची आवड वगैरे नव्हतं. इंटर्नशिपमध्ये माझ्या टेबलावर स्टेशन पुनर्विकासाच्या प्रेसनोट येतात. अमृत भारत योजनेत देशातली तेराशेहून जास्त स्टेशनं आहेत, त्यामुळे या प्रेसनोटना तोटा नाही. सगळ्यांसोबत एक कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र असतं: काचेचं छत, हिरवीगार झाडं, निवांत चालणारी माणसं. त्या चित्रात धावत लोकल पकडणारं कुणी मला अजून दिसलेलं नाही. आणि मजकुरात ‘सस्टेनेबल’ हा शब्द दोन-तीनदा असतोच. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की स्टेशनाशेजारच्या जमिनीवर खरोखर अशी वस्ती कुणी उभी केली आहे का, आणि केली असेल तर तिथे राहतं कोण.

पाच शिवाजी पार्क

जागा केवढी? सगळी मिळून ५४ हेक्टर. म्हणजे आपल्या शिवाजी पार्कची जवळपास पाच मैदानं, तीही पॅरिससारख्या दाटीवाटीच्या शहराच्या हद्दीत. पॅरिसचे वीस विभाग आहेत, आपल्या वॉर्डांसारखे. हा त्यातला सतरावा.

पॅरिसमधून प्रवासी रेल्वे पहिल्यांदा धावली ती १८३७ मध्ये, याच मार्गावरून. चित्रकलेचे विद्यार्थी साँ-लाझार ओळखतील ते मोनेमुळे. १८७७ मध्ये त्यानं या स्टेशनची, तिथल्या वाफेची आणि धुराची चित्रं काढली. स्टेशनामागे बातिन्योलचं यार्ड पसरत गेलं. मालधक्के, शेड, दुरुस्तीचे कारखाने असं सगळं तिथे होतं. पुढे माल ट्रकनं जायला लागला आणि विसाव्या शतकाच्या शेवटी यार्डाचा बराच भाग रिकामा पडला. हे सगळं आपल्याही ओळखीचं आहे. फक्त आपल्याकडे रेल्वेची मोकळी जागा फार वेळ मोकळी राहत नाही.

जमीन फ्रेंच रेल्वेची होती, म्हणजे सरकारी. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. शहराच्या महापालिकेनं ती घ्यायचं ठरवलं, तेव्हा बेर्त्राँ देलानोए महापौर होते. नगररचनाकार फ्रांस्वा ग्रेतेर आणि उद्यानरचनाकार झाकलीन ओस्ती यांनी जो आराखडा केला त्याच्या मधोमध दहा हेक्टरची बाग होती. घरं, ऑफिसं, शाळा, दुकानं या बागेच्या कडेनं.

आता यातली गंमत बघा. बिल्डरच्या ब्रोशरमध्येही बाग मधोमधच असते. पण ती शेवटच्या टप्प्यात असते. आधी टॉवर, मग क्लब हाउस, मग उरलंच तर हिरवळ. बातिन्योलमध्ये क्रम उलटा होता. बागेचा पहिला तुकडा २००७ मध्ये उघडला तेव्हा आजूबाजूला नवी वस्ती नव्हतीच, त्यामुळे ती वापरायला लागली ती जुन्या मोहल्ल्यातली माणसं. वस्ती बांधून होईपर्यंत बाग सगळ्यांच्या सवयीची झाली होती. सवयीची झालेली बाग कापून तिथे आणखी एक टॉवर टाकणं कुठल्याही नेत्याला अवघडच जातं. मला हा या प्रकल्पातला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो, आणि त्यात तंत्रज्ञान शून्य आहे.

बागेला मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आहे. आत स्केटिंगची जागा आहे, मुलांची खेळणी आहेत, लोळायला हिरवळ आहे. मधल्या तळ्यात पावसाचं पाणी साठवतात, पाणवनस्पती ते स्वच्छ ठेवतात, एक छोटी पवनचक्की ते फिरवते आणि झाडांना लागणाऱ्या पाण्याचा काही भाग यातूनच भागतो. शहराला वळसा घालणाऱ्या एका जुन्या रेल्वेमार्गाचा पट्टाही बागेतून जातो. तो बुजवलेला नाही, तसाच ठेवलाय. गुगल अर्थ उघडा, जुनी छायाचित्रं दाखवणारा स्लायडर मागे ओढा आणि मग हळूहळू पुढे आणा. करड्या रुळांच्या जागी हिरवा डाग वाढत जाताना दिसतो. लेक्चरमध्ये बसून करण्यासारखी गोष्ट आहे (मी सुचवत नाहीये).

७०० युनिटमध्ये हिवाळा

इंजिनीअरिंगवाल्यांसाठी थोडं. पॅरिसमध्ये प्रश्न एसीचा कमी, हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचा जास्त. या वस्तीतल्या इमारतींना लक्ष्य दिलं होतं ते दर चौरस मीटरला वर्षाला १५ युनिट ऊर्जेत घर गरम ठेवण्याचं. आपल्या भाषेत पाचशे स्क्वेअर फुटांचा वन बीएचके धरला, तर पूर्ण हिवाळ्याला ७०० युनिटच्या आत. पॅरिसच्या जुन्या इमारतींना याच्या कितीतरी पट लागतात. हे जमवायचं तर जाड इन्सुलेशन, तिहेरी काचेच्या खिडक्या आणि फटी न ठेवणारं बांधकाम लागतं.

उरलेली ऊष्णता येते जमिनीतून. सुमारे ६५० मीटर खोल एक पाणी धरून ठेवणारा थर आहे, तिथलं पाणी मुळातच २८ ते ३० अंशांचं असतं. ते वर आणायचं, हीट पंपानं त्यातली ऊष्णता काढून घ्यायची, थंड झालेलं पाणी परत खाली सोडायचं. वस्तीच्या गरम पाण्याच्या आणि हीटिंगच्या गरजेपैकी साधारण ८५ टक्के यातून भागवायचं गणित मांडलं होतं. छपरांवर मिळून ३५ हजार चौरस मीटर सौर पॅनेलचं उद्दिष्ट होतं. कचरा जमिनीखालच्या नळ्यांतून हवेच्या जोरानं ओढून नेण्याची यंत्रणाही बसवली, ऐकायला भारी वाटेल अशी.

पण इथे एक गोष्ट मला फार आवडली. माणसं राहायला आल्यावर कागदावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा यांत फरक पडतो, हे सगळ्या जगात होतं. कुणाला २२ अंश लागतात, कुणी खिडकी उघडी ठेवून हीटर लावतं. हा फरक मोजायला युरोपीय निधीतून इथे वेगळा प्रकल्प चालवला, इमारती वापरात आल्यानंतर. आपल्याकडे इमारतीला ‘ग्रीन’ सर्टिफिकेट मिळतं, त्याची पाटी लॉबीत लागते आणि विषय संपतो. वर्षभरानंतर लाइटबिलं गोळा करून कुणी बघितलेलं निदान माझ्या ऐकण्यात नाही.

शंभरातली पन्नास

आता मुख्य मुद्दा. या वस्तीत सुमारे ३,४०० घरं ठरली. त्यातली निम्मी, हो, पन्नास टक्के, सोशल हाउसिंग. आणखी वीस टक्के घरांची भाडी मर्यादित. खुल्या बाजारात विकायला राहिली फक्त तीस टक्के.

सोशल हाउसिंग म्हणजे आपल्या म्हाडासारखं काहीतरी, असं मला आधी वाटलं. तसं पूर्ण नाही. म्हाडाचं घर लॉटरीत लागतं आणि आपल्या मालकीचं होतं. पुढे ठरावीक वर्षांनी ते विकता येतं, म्हणजे बाजारभावाच्या जगात परत जातं. फ्रान्समधलं सोशल हाउसिंग मुख्यतः भाड्याचं असतं. मालकी सार्वजनिक किंवा ना-नफा संस्थांकडे राहते, भाडं नियमानं बांधलेलं, घर उत्पन्नानुसार मिळतं. उत्पन्नाच्या मर्यादाही वेगवेगळ्या पातळ्यांच्या, त्यामुळे अगदी गरीब कुटुंबही त्यात बसतं आणि नर्स, शिक्षक, बसड्रायव्हरही. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे विद्यार्थ्यांच्या खोल्या याच कोट्यात धरल्या आहेत. आपल्यातल्या ज्यांनी गावाकडून येऊन पीजीच्या एका कॉटसाठी डिपॉझिट जमवलंय, त्यांना हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल.

इमारतींची डिझाइनं वेगवेगळ्या आर्किटेक्टची आहेत, पण सोशल इमारत मागच्या अंगाला आणि विक्रीची बागेसमोर अशी विभागणी केलेली नाही. पश्चिमेकडच्या भागात तर शेजारशेजारच्या प्लॉटचे आर्किटेक्ट आणि बिल्डर एकत्र बसवले. मॉडेल एका टेबलावर ठेवायची, कुणाची सावली कुणाच्या खिडकीवर पडते ते बघायचं आणि मग पुढे जायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुप प्रोजेक्टमध्ये आपण जे करायला हवं असतं आणि करत नाही, ते.

हे करू शकले कारण जमीन सार्वजनिक होती आणि वाटा आधी ठरला. बिल्डर आले तेव्हा त्यांना माहीत होतं की शंभरातली तीसच घरं आपल्याला मोकळ्या भावानं विकता येणार आहेत. त्या हिशेबानं त्यांनी बोली लावली. वाटा नंतर ठरवायचा म्हटलं असतं तर जमिनीचा भाव आधी चढला असता आणि मग ‘परवडत नाही’ हे वाक्य आलं असतं.

सगळं गोडगोड नाही, बरं का. जी तीस टक्के घरं बाजारात गेली, ती पॅरिसच्या भावानं गेली, म्हणजे सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर. पॅरिसमध्ये इमारतींच्या उंचीवर सदतीस मीटरची मर्यादा होती, इथे पन्नास मीटरपर्यंत परवानगी दिल्यावर आजूबाजूचे लोक चिडले. वस्तीच्या उत्तर टोकाला रेंझो पियानो यांनी डिझाइन केलेली १६० मीटर उंच न्यायालयाची इमारत उभी राहिली. ती २०१८ मध्ये सुरू झाली. शहराच्या मध्यातलं शेकडो वर्षांचं कोर्ट सोडून इकडे यायला वकिलांचा जोरदार विरोध होता, प्रकरण कोर्टात गेलं. वकीलच कोर्टात गेले म्हटल्यावर दुसरं काय होणार.

आणि सगळ्यात मोठी चूक झाली वाहतुकीत. पहिली कुटुंबं २०१२ च्या सुमाराला राहायला आली. त्यांच्यासाठी मेट्रो १४ वाढवायची ठरली होती. ती पाँ कार्दिने स्टेशनात पोचली डिसेंबर २०२० मध्ये. मधली आठ वर्षं लोकांनी काढली मेट्रो १३ वर, जी पॅरिसमधली गर्दीसाठी सर्वांत बदनाम लाइन. स्टेशनाशेजारी वस्ती बांधायची तर गाडी आधी हवी, हे पॅरिसलाही जमलं नाही.

आपल्याकडचा एक तृतीयांश

गाडी आधी नसेल तर काय होतं, हे मुंबईइतकं कुणी भोगलेलं नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ जण गेले. कारणांची चर्चा तेव्हा बरीच झाली: पाऊस, अफवा, पूल. पण त्या पुलावर एवढी माणसं होतीच का? कारण गिरण्यांच्या जागी ऑफिसांचे टॉवर आले होते आणि पूल गिरणीच्या काळातलाच होता.

आणि त्याच गिरण्यांच्या बाबतीत, वाटा आधी ठरवण्याची कल्पना आपल्याकडे पॅरिसच्याही आधी कागदावर होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जागा विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. मग २००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त ज्यावर बांधकाम नाही अशा मोकळ्या तुकड्याची. गिरणीच्या आवारात मोकळा तुकडा असतो केवढा? शेड, गोदाम, चिमणी यांनीच आवार भरलेलं. ‘एक तृतीयांश’ हा शब्द तसाच राहिला आणि त्यातली जमीन निघून गेली. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

लोअर परळमधल्या मॉलमध्ये आपण सगळेच जातो. मीही जाते, पिक्चर बघते, एसीत बसते. फक्त तिथे बसून एकदा हिशेब केला पाहिजे की आपली बाग कुठल्या मजल्यावर आहे.

आता पाळी रेल्वेच्या जमिनींची आहे. भारतीय रेल्वेकडे देशभरात पावणेपाच लाख हेक्टरहून जास्त जमीन आहे. मोकळ्या जागांच्या विकासासाठी रेल्वे भूमी विकास प्राधिकरण आहे, आणि त्याचा घोषित हेतू तिकिटांशिवायचं उत्पन्न मिळवणं हा आहे. यात लपवाछपवी काही नाही, ते तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण हेतू उत्पन्नाचा असेल तर स्टेशनाशेजारच्या जागेवर काय येईल हे सांगायला ज्योतिषी नको. जास्त भाव देणारा येईल.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. बातिन्योलचं यार्ड रिकामं होतं, तिथून उठवायला वस्ती नव्हती. मुंबईत रुळांच्या कडेला माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. धारावी पुनर्विकासात माहीम-माटुंगा भागातली रेल्वेची साधारण ४५ एकर जमीन आली आहे. पात्र रहिवाशांना धारावीत घर आणि अपात्र ठरलेल्यांना धारावीबाहेर, असं सरकारचं धोरण आहे. पॅरिसचा प्रश्न ‘नवीन कोण येणार’ एवढाच होता. आपला प्रश्न ‘कोण राहणार’ इथून सुरू होतो, त्यामुळे फ्रेंच आराखडा उचलून इथे चिकटवता येणार नाही. सौर पॅनेल आणता येतील, पावसाचं पाणी साठवता येईल (आपल्याकडे पाऊस पॅरिसच्या कितीतरी पट), ते सगळं विकत मिळतं. वाटा विकत मिळत नाही. तो निविदा निघण्याआधी लिहून घ्यावा लागतो आणि नंतर कुणी त्यातला एखादा शब्द बदलत नाही ना, यावर नजर ठेवावी लागते.

‘आपल्या हातात काय आहे’ हा प्रश्न मला मित्रमैत्रिणींनी लगेच विचारला. तर हातात एक कंटाळवाणी गोष्ट आहे. शहराच्या आराखड्यात जमिनीचं आरक्षण किंवा वापर बदलायचा तर कायद्यानं लोकांकडून हरकती-सूचना मागवाव्या लागतात, त्यासाठी ठरावीक मुदत असते. हरकत नोंदवायला वकील लागत नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला, त्यातल्या ढोबळ चुकांवर हजारो हरकती पडल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मागे घ्यावा लागला. हरकती लिहिणाऱ्यांत आर्किटेक्चरचे विद्यार्थी होते तसे सोसायट्यांचे सेक्रेटरीही होते.

या नोटिसा राजपत्रात येतात आणि वर्तमानपत्रातही. पहिल्या पानावर नाही. आतल्या पानांवर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात. त्यात स्टेशनाचं नाव क्वचितच सापडतं. सापडतो तो भूकर क्रमांक, आणि तो कुठल्या फाटकापाशी येतो हे आपलं आपण नकाशावर शोधायचं असतं.